एक चूल, दोन ताटं



तुमच्या गटाची कर्जाची वही एकदा काढा आणि गेल्या दोन वर्षांत अंतर्गत कर्जं कशाकशासाठी उचलली गेली ते वाचा. बियाणं-खत, शेळी, शिलाई मशीन, पोरांची फी, लग्न, हे सगळं असणारच. त्यात 'दवाखाना' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजा. मग बघा, दवाखाना कोणाचा? नवऱ्याचा, सासूबाईंचा, लेकराचा. स्वतःच्या दुखण्यासाठी बाईनं उचललेलं कर्ज शोधूनच काढावं लागेल, आणि सापडलंच तर ते बहुधा ऑपरेशनचं निघेल. म्हणजे दुखणं गळ्याशी आल्यावरचं.

नवरा-बायको तीस-पस्तीस वर्षं एका छपराखाली राहतात, एकाच चुलीवरचं खातात. तरी पन्नाशी ओलांडली की दोघांची दुखणी वेगवेगळी निघतात. त्यांना बीपी, साखर, पोट सुटलेलं. हिला गुडघे, कंबर, चक्कर, पायाला मुंग्या. आपण म्हणतो, "वय झालं आता." वय तर झालंच. पण इतकी वर्षं कोणाच्या ताटात काय पडत होतं, किती वाजता पडत होतं आणि शेवटी उरलेलं कोण खात होतं, तेही त्या दुखण्यात असतं. आणि म्हातारपणी एकाच्या सवयीची पावती दुसऱ्याच्या नावानं फाटते. म्हणून हा हिशेब दोघांचा एकत्रच मांडायला हवा.

भाकरी तेवढीच, कष्ट कमी

पंचविशीत तुमचे मालक शेतात दिवसभर राबत होते. बैलामागं चालणं, पोती उचलणं, रात्रीचं पाणी धरणं. तेव्हा तीन भाकरी आणि वर भात खाल्ला तरी तो अंगात जिरत होता. आता नांगरट ट्रॅक्टरनं होते, पाणी ठिबकनं जातं, बाजाराला मोटरसायकलवर जायचं. कष्ट निम्म्यावर आले, पण भाकरी तीनच राहिल्या. त्यात पारावरचा किंवा स्टँडवरचा चहा वाढला, भजी-फरसाण वाढलं. मग पोट पुढं येतं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, तर बीपी-साखरेचा धोका वाढला असं धरतात. शिलाईची टेप गटात कोणाकडे तरी असतेच. बेंबीच्या पातळीवर मोजायचं, पोट आत न ओढता.

बाईचं उलटं आहे. तिचे कष्ट वयानं कमी होत नाहीत. खुरपणी सुटली तर नातवंडं येतात, म्हैस येते, आजारी सासूचं करणं येतं. ताटात मात्र जे विशीत होतं तेच, किंवा त्याहून कमी. दात पडले की तेही भिजवून खायचं, पातळ कालवणात. म्हणजे एकाच घरात एकाला गरजेपेक्षा जास्त, दुसरीला गरजेपेक्षा कमी. दोघंही 'घरचंच तर खातो' म्हणतात, आणि खोटं कोणीच बोलत नसतं.

इथं एक सांगायला हवं. 'मी दिवसभर राबते, मला कशाची साखर नि बीपी' हा समज खरा नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात भारत, चीन, अमेरिका आणि इंग्लंडमधली हजारो वयस्क जोडपी पाहिली होती. भारताची माहिती 'लासी' या देशभरच्या पाहणीतून घेतली होती. ही पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये केली होती. त्यात दिसलं की आपल्याकडे पाचातल्या साधारण एका जोडप्यात दोघांनाही बीपी आहे. आणि नवऱ्याला बीपी असेल तर बायकोला ते असण्याची शक्यता, बीपी नसलेल्याच्या बायकोपेक्षा, १९ टक्क्यांनी जास्त. अमेरिका-इंग्लंडमध्ये हा आकडा ९ टक्के निघाला. मीठ एकाच डब्यातलं, काळजीही एकाच घरातली. त्यामुळे त्यांचं बीपी निघालं त्या दिवशी तुमचंही मोजायचं, एवढं तरी यातून घ्या.

त्यांच्या ताटातलं मीठ आणि कपातली साखर

मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात भाजीतलं, लोणच्यातलं, पापडातलं, फरसाणातलं, सगळं आलं. रोज चमच्यानं कोण मोजणार? त्यापेक्षा आपल्या पद्धतीनं हिशेब करा. पाच मोठी माणसं, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. एक किलोचा पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती दिवस पुरतो? पुडा फोडला त्या दिवसाची तारीख त्याच्यावरच पेननं लिहा. (जनावरांना घालता ते आणि लोणच्याला लागतं ते मीठ वेगळं धरा, नाहीतर हिशेब चुकेल.) पंधरा-वीस दिवसांत पुडा संपत असेल तर मीठ दुपटीच्या घरात जातंय.

सैंधव मीठही मीठच आहे, हे जाता जाता सांगते. महाग आणि गुलाबी आहे म्हणून बीपीला चालतं असं काही नाही. मीठ कमी करायला आपल्याकडं लिंबू आहे, चिंच-आमसूल आहे, लसूण-जिरं आहे. खरडा सोडवत नसेल तर तो ताटातून बंद करू नका, मिरचीत मीठ निम्मं घाला. आणि ताटात मीठ वाढायची जी आपली जुनी रीत आहे, ती तेवढी मोडा. त्या जागी कोशिंबीर वाढा, चिमूटभर नको, चांगली वाटीभर.

साखरेचं तसंच. एका चहात दोन चमचे धरले आणि घरचे दोन, बाहेरचे तीन असे पाच चहा झाले, तर दहा चमचे साखर झाली, जवळपास ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर नुसत्या चहातून एका माणसाच्या पोटात. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर बरं, आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तीही टाळलेली चांगली. 'आम्ही गुळाचा चहा पितो' हे उत्तर नेहमी येतं. गूळ चवीला चांगला आहे, पण रक्तातली साखर तोही वाढवतो. ज्वारीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा बरी खरी, पण तीन भाकरी म्हणजे तीन भाकरीच.

तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दारूचं काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त एवढंच, दारूनं बीपीही वाढतं, आणि सोबतचा खारा चखणा त्यात भर घालतो.

तिच्या ताटात काय असतं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के. एकाच चुलीवर जेवणारी माणसं आहेत ही. पाळी, बाळंतपणं हे कारण आहेच, पण अर्धं कारण ताटात आहे. शिळी भाकरी तिची. पातेल्याच्या तळाची आमटी तिची. अंडं एकच उरलं असेल तर ते त्यांचं, नाहीतर नातवाचं. सगळ्यांचं झाल्यावर रात्री साडेनऊला ओट्यापाशी बसून जेवण, आणि जेवण होतंय तोच कोणीतरी चहा टाकायला सांगतं म्हणून घोटभर चहा आपणही घेतो. जेवणावर लगेच घेतलेल्या चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याजागी पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. चहा तासाभरानं.

पाळी गेली की रक्त आपोआप भरेल असं बऱ्याच जणींना वाटतं. रिकामी कणगी आपोआप भरत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, पन्नाशीनंतरसुद्धा.

उपासाचा हिशेब कधी केलाय? आठवड्याचा एक वार म्हणजे वर्षाला ५२. एकादश्या २४. संकष्टी १२. नवरात्राचे ९. काही एकमेकांवर पडतात असं धरलं तरी वर्षातले नव्वदएक दिवस होतात, म्हणजे तीन महिने. आणि त्या तीन महिन्यांत पोटात काय जातं? साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, तो नुसता पिठूळ. उपास सोडा असं मी म्हणत नाही. ज्याची त्याची श्रद्धा आहे, आणि खरं सांगायचं तर कितीतरी बायकांना तेवढा एक दिवस स्वतःचा वाटतो. पण उपासाच्या ताटात राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, दूध हेही चालतंच की. मात्र साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतं. असं झालं आणि माणूस शुद्धीवर असलं तर लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. तेव्हा उपासाचा विचार करायचा नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, ठसका लागून जीव गुदमरतो. १०८ ला फोन करा.

वटपौर्णिमेला नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास धरता ना? त्या दिवशी वडाला जाताना वाटेत त्यांचं बीपीही मोजून घ्या. दोन्ही कामं होतील.

आता प्रथिनांचं. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७, पेलाभर दुधात ६, एका भाकरीत ६ च्या आसपास. दोन वेळा दोन भाकऱ्या आणि नुसती चटणी खाल्ली तर गाडी निम्म्याच्या जरा पुढं जाऊन थांबते. चाळिशीनंतर अंगातलं मांस हळूहळू झडायला लागतं, साठीनंतर जोरात. मांडीतलं मांस गेलं की सगळा भार गुडघ्यावर येतो. 'गुडघ्यातलं वंगण संपलंय' म्हणून आपण तेल चोळत बसतो, आणि मांडी तशीच वाळत जाते.

हाडांचीही तीच गत. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतरची पाच-सात वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. पिशवी काढताना बीजकोशही काढले असतील तर हे त्याच दिवसापासून सुरू होतं, मग वय पस्तीस का असेना. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कमी वयात काढल्या जात असल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या सख्यांची पिशवी काढली आहे त्यांनी आपला ऑपरेशनचा कागद डॉक्टरांना दाखवून विचारावं, बीजकोश ठेवलेत का काढलेत. ते कळलं तर पुढची काळजी घेता येते. नाचणी, तीळ, दूध-दही, शेवग्याचा पाला हे हाडांसाठी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दळणात पायलीमागं थोडी नाचणी घातली तर घरात कोणाला कळणारही नाही.

आणि मिश्री. त्यांच्या तंबाखूवर आपण बोलतो, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्यानं दाढ दुखायची थांबते असं वाटतं, उलट हिरड्या सुटतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका दोघांना सारखाच. सोडायची असेल तर १८०० ११ २३५६ या सरकारी मोफत नंबरवर सल्ला मिळतो. दोघांनी मिळून फोन केला तर आणखी चांगलं. ते बिडी ओढत असतील तर धूर तुमच्याही छातीत जातोय, चुलीचा धूर वेगळाच.

पावती कोणाच्या नावानं फाटते

समजा, त्यांचं बीपी सात-आठ वर्षं वाढलेलं आहे. गोळ्या आणल्या, महिनाभर घेतल्या, मोजलं तर नॉर्मल आलं, म्हणून बंद केल्या. ही चूक घरोघरी होते. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे. गोळी बंद केली की ते परत चढतं, आणि चढलेलं दिसत नाही, दुखत नाही. मग एका पहाटे तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ जड होते. लकवा.

तेव्हा १०८ ला फोन करायचा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवायची. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते सगळ्याच दवाखान्यांत नसतं. आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं तर ती वेळ हातची जाते.

माणूस वाचलं, पण एक बाजू गेली. आता ६५ किलोच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. उठवून बसवायचं, संडासला न्यायचं, भरवायचं. हे कोण करणार? ४२ किलोची, हिमोग्लोबिन ८ असलेली, गुडघे गेलेली त्याची बायको. तिची मजुरी बुडते, गटाच्या बैठकीला येणं थांबतं, हप्ता थकतो. त्याच्या मिठाची पावती तिच्या कमरेवर फाटली.

उलटंही होतं, आणि ते कमी बोललं जातं. बाई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने अंथरुणात. त्यांना चहासुद्धा करता येत नाही. चार दिवस शेजारून डबा येतो, मग हॉटेलचं सुरू होतं. गोळी कोणती सकाळी, कोणती रात्री, हे त्यांना माहीतच नाही, कारण आजवर तळहातावर गोळी ठेवायचं काम बायकोचं होतं. महिन्याभरात साखर तीनशेवर. तिच्या चहा-भाकरीच्या आयुष्याची पावती त्यांच्या नावानं.

त्यांना खिचडी टाकायला शिकवा. थट्टा नाही. पन्नाशीच्या पुरुषाला डाळ-तांदूळ, भाजी, अंडं एवढं रांधता येणं हे त्यांच्या औषधाइतकंच गरजेचं आहे.

आणि एक कडू गोष्ट. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा बहुधा काही वर्षांनी मोठा असतो, आणि बाई सरासरीनं पुरुषापेक्षा जास्त जगते. त्यामुळे कितीतरी जणींच्या वाट्याला शेवटची काही वर्षं एकटीची येतात. त्यांचं सगळं करून झाल्यावर तुमचं करणारं तुमचं स्वतःचं शरीरच असेल. ते आज कोणत्या अवस्थेत आहे?

वेगळं पातेलं नको

त्यांना साखर निघाली की घरात काय काय होतं बघा. बिनसाखरेचा चहा वेगळा होतो. भात कमी होतो. कारलं येतं, मेथी येते, कोणी सांगितलं म्हणून जांभळाच्या बियांची पूड येते. स्वयंपाकघर बदलतं. बाईचं हिमोग्लोबिन आठ निघालं तर काय बदलतं? गोळ्यांचं एक पाकीट येऊन फडताळात पडतं. ताट तेच राहतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी चूक ही आहे, आणि ती दवाखान्यात नाही, आपल्या हातानं घडते, कारण वाढणाऱ्या आपणच.

दुसरी चूक म्हणजे पथ्याचं वेगळं पातेलं. त्यांची आळणी भाजी वेगळी, बाकीच्यांची झणझणीत वेगळी. यात तुमचं काम दुप्पट होतं, त्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटतं, आणि पंधरा दिवसांत दोघंही कंटाळता. पातेलं एकच ठेवा. सगळ्यांसाठीच मीठ आणि तेल कमी करा. एकदम नको, दर आठवड्याला चिमूटभर. तोंडाला काही आठवड्यांत सवय होते. मग वाढताना पळी बदला. त्यांच्या ताटात एक भाकरी कमी आणि मटकीची उसळ दोन पळ्या. तुमच्या ताटात भाकरी तेवढीच, आणि उसळ तुम्हालाही दोन पळ्या. हुलगे, चवळी, मटकी, मूग यातलं काहीतरी रोज भिजत घातलेलं असावं. परसबागेत शेपू, तांदुळजा, अंबाडी, शेवगा. अंडी चालत असतील तर आणताना माणसं मोजून आणा, म्हणजे 'एकच उरलंय' हा प्रश्न येणार नाही. आणि उसळ पातेल्यात असतानाच स्वतःची वाटी काढून झाकून ठेवा. लाज वाटायचं कारण नाही, गटात आपण आपली बचत आधी बाजूला काढतोच की.

ज्यांना किडनीचा त्रास सांगितलाय त्यांनी मात्र डाळी-उसळी किती खायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बाजारात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं, तेही अशा माणसाला विचारल्याशिवाय देऊ नये.

जमलं तर रात्री जेवायला एकत्र बसा. सासू-सासरे असले तर काही घरांत अवघड जातं, माहीत आहे. पण एकत्र बसल्यावर कोणाच्या ताटात काय नाही ते दिसतं. नुसत्या दिसण्यानंही थोडं बदलतं.

बोलायचं कसं, हा प्रश्न बैठकीत नेहमी येतो. "आमचे आजोबा लोणी खाऊन नव्वद वर्षं जगले." जगले, पण ते रोज शेतावर चालत जायचे आणि चालत यायचे. "माणूस एकदाच मरतं." मरतं एकदाच, पण लकवा झाला तर दहा वर्षं अंथरुणावर काढतं, हे सांगायला कोणाला आवडत नाही. चारचौघांत टोकू नका, सुनेसमोर तर नकोच. बाजारातून गुपचूप जिलेबी खाऊन आले हे कळलं तरी आदळआपट करून फरक पडत नाही, पुढच्या वेळी फक्त लपवणं वाढतं. आकडा दाखवला तर ऐकतात. यंत्रावर १६०/१०० दिसलं की बायकोच्या बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. आणि आपणही ऐकायला शिकू. "अगं, तूही तपासून घे," असं ते म्हणाले तर "मला काय धाड भरलीय" हे उत्तर देऊ नका.

आणखी एक विषय, जो बैठकीत कोणी काढत नाही. पन्नाशीनंतर नवरा-बायकोचं जवळ येणं अवघड होतं. साखर-बीपीनं पुरुषाची ताकद कमी होते, ते चिडचिडे होतात, कधी बायकोवर संशयही घेतात. पाळी गेल्यावर बाईला कोरडेपणानं दुखतं, ती टाळते. दोघंही मनात वेगळाच अर्थ लावून बसतात. दोन्ही गोष्टींवर दवाखान्यात साधे उपाय आहेत. नुसतं एवढं कळलं की हे आजारानं आणि वयानं होतंय, तरी घरातलं अर्धं भांडण मिटतं.

दोघांचं एक पान

उमेदच्या दशसूत्रीत आरोग्य आहे, पण बचत-कर्जाच्या सूत्रांसारखी त्याची नोंद आपण ठेवत नाही. घरातल्या एखाद्या वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. एका बाजूला त्यांचं नाव, एका बाजूला तुमचं. खाली तारीख, वजन, कंबर, बीपी, साखर, हिमोग्लोबिन, चालू गोळ्या. महिन्याला एकदा भरायचं. ज्या गोष्टी रोज मोजता येत नाहीत त्या वर्षातून एकदा-दोनदा.

मोजायचं कुठं? गावातल्या किंवा जवळच्या उपकेंद्रात, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तिथं मोफत बघतात. तोंडाची, स्तनाची, गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही यातच आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तेव्हा 'आम्हाला काही नाही' म्हणून पाठवू नका, दोघांचाही भरून घ्या. बीपी १४०/९० किंवा त्याहून वर दोन वेगवेगळ्या दिवशी आलं, किंवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांकडे जायचंच. बीपी-साखरेच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ कमी झालंय का तेही विचारा.

घरात सत्तर वर्षांवरचं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराला ते चालतं. आधार कार्ड लागतं.

ते यायला तयार नसतील तर? मग तुम्ही एकट्या जा आणि तुमचा रकाना भरा. त्यांचा रकाना कोरा ठेवून पान देवळीत किंवा टीव्हीशेजारी, त्यांना दिसेल असं लावा. जाताना एक ध्यानात ठेवा, उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तर रात्रीच्या जेवणानंतर आठ तास काही खायचं नाही. सकाळचा चहासुद्धा नाही. पाणी चालतं.